उघडण्याचा शब्द

शब्द तोंडातून निघून गेला आणि मग चिझुरूला तो ऐकू आला. "चला तर मंडळी, आता सगळे मिळून आरसा फोडूया," असं ती म्हणाली होती. स्वच्छ, ठणठणीत आवाजात, सान्नोमियातल्या त्या हॉटेलच्या सगळ्यात मोठ्या दालनात, ऐन साकेच्या दिवशी, तांदळाच्या त्या दारूच्या वार्षिक उत्सवात. साके करणाऱ्यांच्या संघाची पहिली बाई अध्यक्ष, आणि तिचा हा पहिलाच जाहीर समारंभ. समोर गवती चटईत बांधलेलं पिंप होतं, पिंपावर देवदाराचं गोल झाकण. त्या झाकणालाच सगळे आरसा म्हणतात, आणि आरसा उघडायचा असतो. हातोड्या हाणून त्याच्या फळ्या आत ढकलायच्या, साके उसळून बाह्यांवर उडू द्यायची, पण शुभप्रसंगी तोंडाने म्हणायचं उघडूया. शेंबड्या पोराला ठाऊक असतं हे. दालनात एक श्वासभर कोणी हललं नाही. वकिलातीतली सोनेरी केसांची पाहुणी तेवढी हसत होती, कारण तिला काही कळलंच नव्हतं. मग चिझुरूच्या उजव्या खांद्यामागून उपाध्यक्ष साकाकीकाकांचा बसक्या घशाचा आवाज आला, "उघडूया! उघडूया!" आणि सगळ्यांनी सुटल्यासारखं हसून तोच शब्द उचलून धरला. "योइशो, योइशो, योइशो," अशा तालावर हातोड्या पडल्या, फळ्या बुडाल्या, ओल्या देवदाराचा वास तिच्या नाकात शिरला. फोटोत तिचा चेहरा हसरा आला असणार. त्या चेहऱ्याला हसायची सवयच होती.

नंतर त्या शब्दाबद्दल कोणी काहीच बोललं नाही, आणि तेच वाईट होतं. "किमोनोचा रंग काय शोभतोय, वहिनी." "भाषण छान झालं हं, अगदी आटोपशीर." ह्या शहरात तुमचं भाषण आटोपशीर म्हटलं गेलं की समजावं, प्रत्येक शब्द मोजला गेलाय. चिझुरू वाकून वाकून आभार मानत होती आणि थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं की आपण बाटली उचलली आहे आणि टेबलांमधून ओतत फिरतो आहोत. अध्यक्षाने ओतायचं नसतं. लोकांनी येऊन अध्यक्षाचा पेला भरायचा असतो. पण साके करणाऱ्या कुसुमोतोंची सून म्हणून ती ह्याच दालनातून वीसपंचवीस वर्षं फिरली होती, उजवा हात बाटलीच्या मानेवर, डावा बुडाखाली, बाटलीवरची नावाची चिठ्ठी वर. तोंडाने घोळ घातला की हात बिचारे राबायला लागतात. संघाच्या म्हाताऱ्यांनी तरी तिला मे महिन्यात अध्यक्ष केलं ते काही फार मोठं मन करून नव्हे. साके पिणारे दरवर्षी घटत होते, पोरं बिअरला लागली होती, आणि त्या खुर्चीत बसायला कोणी धजत नव्हतं. चिझुरूने मात्र मोतोमाचीत, एका भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर, बायकांसाठी साके चाखायच्या संध्याकाळी सुरू केल्या होत्या. ज्यांच्या लेखी साके म्हणजे वडलांच्या कोटाचा आंबूस वास, अशा बायका. तिने त्यांना सांगितलं, घरचा आवडता चहाचा कप घेऊन या, त्यातूनच पिऊ. सोबत शिजवलेला मुळा आणि वसंतातल्या कोवळ्या माशांचं गोडसर तोंडीलावणं. पुरुषमंडळींनी तेव्हा थट्टा केली होती, "कपातून साके? मग दूध घालता की लिंबू पिळता?" पण बायका आल्या, मैत्रिणींना घेऊन परत आल्या, एकीने तर शेवटी खानावळ काढली. चिझुरू पहिल्या दिवशी येणाऱ्या प्रत्येकीला एकच गोष्ट बजावायची. कोणी ओतेल म्हणून वाट बघू नका, हवी असली तर तोंड उघडून मागा. आणि आता ती स्वतः तोंड मिटून दुसऱ्यांचे पेले भरत होती.

कोट ठेवायच्या खोलीपाशी खांबाआड दोन माणसं बोलत होती. एक बाटल्या पुरवणाऱ्या कंपनीचा होता, दुसरा तिला आवाजावरून ओळखता आला नाही. "साकेचा दिवस, आणि बाई म्हणते फोडूया. उद्या कोणाच्या लग्नात बोलावली तर म्हणेल, चला, आता तोडूया." "हसू नकोस रे. पुढच्या महिन्यात पोरीच्या लग्नाला मी तिलाच बोलावणार होतो." "मग आता?" "आता काय, साकाकींना बोलावतो." चिझुरू आल्या पावली मागे फिरली. तिला राग आला नाही, ह्याचं तिला नवल वाटलं. तिला फक्त थंडी वाजली, मानेपासून खाली, किमोनोच्या पट्ट्यापर्यंत.

साकाकीकाकांनी तिला खिडकीपाशी गाठलं. मिकागेच्या जुन्या घराण्यातला हा माणूस आता ऐंशीकडे झुकलेला, मान पाखरासारखी बारीक. पण संघात तिचं नाव सुचवलं होतं ते त्यांनीच. "वहिनी, जरा बोलू का?" ते म्हणाले. ती अध्यक्ष झाल्यावरही ते तिला वहिनीच म्हणत, आणि त्यात तिला खोट काढण्यासारखं काही सापडत नसे. "नववर्षाच्या समारंभाची पत्रिका उद्या छापायला जायची आहे. महापौर असतात, राजधानीतनं कोणी ना कोणी येतं. मी म्हणतो, त्या वेळचे शब्द माझ्याकडे द्या. तुम्ही मधोमध उभ्या राहा. हातोडी तुमच्या हातात, फोटोत तुम्ही. नुसतं बोलायचं तेवढं मी बोलतो."

"ह्या खेपेलाच ना, काका?"

"ते बघू की पुढे. एकदा अंगवळणी पडलं की कोणाला काही वाटत नाही." कोणाच्या अंगवळणी, ते त्यांनी सांगितलं नाही. "आता घाई नको. मी उद्या सकाळी तुमच्या दुकानावर येतो, तेव्हा सांगा. आणि मनाला लावून घेऊ नका. जीभ आहे, घसरते."

ह्यात सगळ्यात लाजिरवाणं म्हणजे तिला हलकं वाटलं होतं. कंबर आपोआप वाकली होती, "आभारी आहे" हे शब्द ओठांवर आले होते, ते तिने कसेबसे गिळले. टॅक्सीत बसल्यावर ती त्या हलकेपणाकडे बघत राहिली. बाहेर शहर उताराने समुद्राकडे सरकत होतं, डोंगर मागे, कारखान्यांची छपरं पुढे. जीभ घसरली म्हणे. पण ती घसरली नव्हती. घसरते तेव्हा कळतं, पाय सरकल्यासारखा धक्का बसतो. हा शब्द तर नीट चालत आला होता, घरच्या माणसासारखा, आणि म्हणूनच तिने त्याला अडवलं नाही. लग्न होऊन कुसुमोतोंच्या घरात आली तेव्हा सासूबाईंनी तिला पहिल्या आठवड्यात दोनच गोष्टी शिकवल्या होत्या. एक म्हणजे हिवाळ्यात साके पिकत असताना बायकांनी कोठाराचा उंबरा ओलांडायचा नाही. आणि दुसरी, ह्या घरात कुठले शब्द बोलायचे नाहीत. जेवणावळ संपली म्हणायचं नाही, उघडली म्हणायचं. पाहुणा परत गेला म्हणायचं नाही. कापलं नाही, तुटलं नाही, फुटलं तर नाहीच नाही. "आपण लोकांच्या शुभकार्याचं पेय करतो, पोरी. आपल्या तोंडाला सतत लग्नघर लागलेलं असतं." ह्या शिकवणीची चिझुरूला कधी सक्ती वाटली नाही, उलट गंमत वाटे. हातून बशी पडली की ती मनात म्हणायची, बशी उघडली.

आणि मग ती जानेवारीतली पहाट. जमिनीने घर उचललं आणि आपटलं. नवरा यासुहिदे कामासाठी ओसाकात होता, तिच्या पोटात थोरली होती. सासूबाईंना घेऊन ती बाहेर आली तेव्हा रस्ता ओळखू येत नव्हता, आणि दोनशे वर्षांचं लाकडी कोठार गुडघे टेकून बसलं होतं. त्याचा उंबरा शोधून सापडला नसता. कामगार देवदयेने वाचले, अंगणाच्या कडेला धुळीने पांढरे होऊन उभे होते, आणि त्या सगळ्यांचे हात नुसते लोंबत होते. तिला सगळ्यात जास्त आठवतो तो वास. फुटलेल्या टाक्यांतली साके गटारातून वाहत होती, आणि सगळ्या गल्लीला समारंभाचा वास येत होता. उजाडलं तसे शेजारी यायला लागले. नळ गेले होते. कुसुमोतोंची विहीर मात्र होती, तिचं पाणी गोड होतं, दोर लावून काढता येत होतं. लोक पातेली घेऊन आले, काही जण तर प्लास्टिकच्या पिशव्या धरून. पलीकडच्या आळीत आग लागली होती, शाळेत म्हातारी माणसं गोळा झाली होती, तिथे पाणी न्यायचं कशात? तेव्हा तिची नजर पुढच्या पडवीतल्या पिंपांवर गेली. कुठल्याशा बँकेच्या उद्घाटनासाठी भरून, चटया बांधून, लाल अक्षरं रंगवून ठेवलेली. ती सासऱ्यांकडे बघत राहिली. ते झोपायच्या कपड्यांत तांदळाच्या पोत्यावर बसले होते, एक पाय विचित्र वळलेला. तिने तोंड उघडलं आणि जुन्या सवयीने म्हणाली, "बाबा, ही उघडू का?" सासऱ्यांनी तिच्याकडे बघितलं, मग पिंपांकडे, मग पिशवीत पाणी घेऊन उभ्या असलेल्या बाईकडे, आणि म्हणाले, "फोड."

त्या माणसाच्या तोंडी तो शब्द कोणी कधी ऐकला नव्हता. चिझुरूने भिंतीतून निखळलेला दगड उचलला आणि पहिला आरसा फोडला. उघडला नाही, फोडला. साके गटारात ओतली, पिंप विहिरीवर नेलं, मग दुसरा. तिसऱ्याच्या वेळी कामगारांचे हात हलायला लागले. मग तिच्या ध्यानात आलं की सगळे तिलाच विचारताहेत, हे कुठे नेऊ, आधी शाळा की दवाखाना, आणि ती सांगत होती. न अडखळता सांगत होती. सात महिन्यांची गरोदर, केस सुटलेले, अंगाला साकेचा वास, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं जात होतं. नंतरच्या वर्षांत नवं काँक्रीटचं कोठार झालं, तिथे बायकांनी येऊ नये असं कोणी म्हणालं नाही, पण तिलाही त्या सकाळीबद्दल कधी कोणाशी बोलावंसं वाटलं नाही. अशी सकाळ आपल्याला आवडली होती, हे सांगणार कोणाला? ज्या सकाळी आळीतल्या इतक्या घरांतून माणसं उचलून न्यावी लागली, त्या सकाळी आपण जिवंत झालो, हे कुठल्या तोंडाने म्हणायचं? आणि आज, इतक्या माणसांपुढे, सगळे मिळून काही करायची वेळ आली तेव्हा तोंडाने तोच शब्द काढून दिला. तिला अपशकुन करायचा नव्हता. पुढे होण्यासाठी तिच्यापाशी तेवढा एकच शब्द होता.

घरी यासुहिदे दुकानाच्या मागच्या खोलीत पाय चोळत बसला होता. तो सज्जन माणूस, कोठार उत्तम चालवायचा आणि चार माणसांत उभं राहायचं म्हटलं की त्याचं पोट बिघडायचं.

"कळलं मला," तो म्हणाला. "फोन येऊन गेले."

"काय म्हणाले?"

"आवाज छान लागला होता म्हणे तुझा."

तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. तिने त्याला साकाकीकाकांचं म्हणणं सांगितलं. त्याने विचार केला. "मग देऊन टाक की. काका चांगले आहेत. तुझ्या डोक्याचा ताप तरी जाईल."

"ते चांगले आहेत हाच ताप आहे," ती म्हणाली. दुष्ट माणसाला नाही म्हणायला काय लागतं? अंथरुणावर पडून ती पत्रिका डोळ्यांपुढे आणत राहिली. अध्यक्ष, चिझुरू कुसुमोतो. शब्द, ताकेझो साकाकी. पुढच्या वर्षीही तसंच, कारण मागच्या वर्षी तसं होतं. मग कधीतरी ती खुर्ची सोडेल आणि दुसरी कोणी बाई येईल, कदाचित मोतोमाचीच्या माडीवरचीच एखादी, आणि तिला सांगितलं जाईल, बायका मधे उभ्या राहतात, बोलतात ते उपाध्यक्ष, पहिल्यापासून हे असंच आहे. पहिल्यापासून म्हणजे चिझुरूपासून. हे एवढं स्पष्ट दिसत असूनही नाही म्हणायची वाक्यं जुळेनात. कारण त्या वाक्यांच्या आड साकाकीकाकांची बायको उभी होती. फुसाएवहिनी त्याच पहाटे गेल्या होत्या, घराखाली. संघात हे कोणाला माहीत नव्हतं असं नाही, चिझुरू स्वतः अंत्यविधीला गेली होती, आणि तरी दालनात तो शब्द उच्चारताना, आणि नंतरही, कितीतरी वेळ तिला स्वतःच्या फजितीपलीकडे काही सुचलं नव्हतं. आता मात्र ती उठून बसली. त्या माणसाच्या कानाशीच ती फोडूया म्हणाली होती.

सकाळी दुकान उघडून दारावरचा पडदा लावून होईस्तोवर साकाकीकाका आलेच. साध्या स्वेटरमध्ये ते आणखी लहान दिसत होते. तिने चहा ठेवला. पत्रिकेचा कच्चा कागद त्यांनी घडी न उलगडता बाजूला ठेवला.

"काका, आधी मला माफी मागायची आहे," चिझुरू म्हणाली. "फुसाएवहिनींची आठवण मला त्या वेळी राहिली नाही. तुम्हाला तो शब्द ऐकावा लागला."

आणि ती बोलत गेली. कधी कोणाला न सांगितलेली ती सकाळ तिने सांगितली, दगड, गटारातली साके, सासऱ्यांचा तो एक शब्द, आणि आपल्याला ती सकाळ आवडली होती हेसुद्धा. ते सांगताना तिने मान खाली घातली नाही. "शुभाशुभ मला कळतं. नववर्षाला मी उघडूयाच म्हणेन. पण म्हणेन मी. शब्द मला तुमच्याकडे देता येणार नाहीत, काका. कालच तुम्हाला हो म्हणणार होते, इतकं बरं वाटलं होतं मला. म्हणूनच नाही."

साकाकीकाकांनी कप दोन्ही हातांत धरला. त्यांची नजर पडद्याखालून दिसणाऱ्या रस्त्यावरच्या पायांवर होती.

"लोकांना वाटलं, मी तुम्हाला सावरलं," ते म्हणाले. "तुम्हालाही तसंच वाटलं असेल."

"मग?"

"मी काही तुम्हाला सावरायला ओरडलो नाही. मला ती खोडच आहे." त्यांनी हातातला कप फिरवला. "त्या दिवशी ती आत होती. छप्पर पूर्ण खाली आलेलं, पण आवाज येत होता. शेजारचे पहार घेऊन आले, म्हणाले, साकाकी, कौलं फोडूया. आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, फोडूया म्हणू नका हो, उघडूया म्हणा. माझ्या घरावर उभं राहून मी त्यांचे शब्द दुरुस्त करत होतो, वहिनी. ते थांबले. माझ्या तोंडाकडे बघत राहिले."

चिझुरूने किटली खाली ठेवली.

"त्याने काही बिघडलं नाही, डॉक्टर नंतर म्हणाले. तेवढ्याने काही फरक पडला नसता. पण काल तुम्ही बोललात आणि मी पुन्हा तेच केलं. एवढी वर्षं गेली, आणि पुन्हा तेच. मग मला वाटलं, शब्द आपल्याकडेच असलेले बरे, म्हणजे कोणाला दुरुस्त करायची वेळच यायची नाही." त्यांनी कप खाली ठेवला. "खरं सांगू? ती आतून हसली होती. ऐकलं होतं तिने सगळं. म्हणाली, अहो, काहीही म्हणा, पण लवकर करा. त्यानंतर ती काही बोलली नाही."

रस्त्यावरून शाळेची पोरं कलकलत गेली. साकाकीकाकांनी पत्रिकेचा कागद उलगडला, चष्मा चढवला, स्वतःच्या नावावर पेनाने रेघ ओढली, आणि कागद तिच्यापुढे सरकवला.

"तेव्हा तुम्ही काहीही म्हणा, अध्यक्षबाई," ते म्हणाले.